मासोळ्यांचे कंडक्टर

"पुढे सरका, पुढे सरका! दारात काहून गर्दी करून राह्यले? पुढं सारी गाडी रिकामी हाये!"

बोरी अरबपासून जवळच्या त्या गावात माझी पहिली सकाळ उजाडली ती या आरोळीने. मी दचकून खिडकीशी गेले. घरामागेच तलाव होता. त्यात एक उंच, हडकुळे गृहस्थ कमरेइतक्या पाण्यात उभे होते. अंगात बनियन, डोक्याला टॉवेल, आणि दोन्ही हातांनी पाण्याला पुढे लोटल्याचे हातवारे. आसपास चिटपाखरू नव्हतं. आदल्या संध्याकाळीच मी या गृहस्थांच्या माडीवरची खोली भाड्याने घेतली होती, आणि सामान अजून पुरतं सोडलेलंही नव्हतं. ते सोडूच नये असं मनात येतंय तोवर त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, चहा घेऊन वर आल्या.

"घाबरू नका बाई," त्या कपबशी ठेवत म्हणाल्या. "मासोयाईशी बोलून राह्यले. रोजचंच हाये."

मी मत्स्यविकास खात्यात नव्याने लागले होते. मूळची सांगलीकडची. तलाव, मत्स्यबीज, मच्छीमार संस्था हे माझं काम, आणि ज्या संस्थेकडे तो तलाव होता तिचे अध्यक्ष म्हणजेच हे माझे घरमालक. उभा जन्म त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली होती. दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड या रस्त्यावरचा असा एकही थांबा नव्हता, जिथे त्यांचा आवाज पोहोचला नव्हता. निवृत्त होऊन गावी परतले तेव्हा भोई समाजाच्या लोकांनी त्यांना अध्यक्ष केलं. का केलं म्हणून मी विचारलं, तर एक म्हातारे म्हणाले, "या काठच्या मानसाले त्या काठच्या मानसाशी बोलाचं असलं, तं याच्या गळ्याबिगर कोनाचा गळा पुरत नाई." म्हणजे तलावाच्या या काठावरून त्या काठाला ओरडायला. गावात त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. लहानथोर सगळे 'कंडक्टर' म्हणत. मी 'काका' म्हणू लागले.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना माझ्या परीने शहाणं करायला बसले. ओट्यावर बसून सांगितलं की, काका, उन्हाळे वाढत चाललेत, तलावाचं पाणी पूर्वीपेक्षा जास्त तापतं. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. आणि नेमकी तेव्हाच माशाची प्राणवायूची गरज वाढते.

काकांनी सुपारी या गालातून त्या गालात नेली.

"म्हंजे मॅडम, उन्हायात गाडी लहान होते अन् पाशिंजर जाड होतात."

मी हसले. आणि तेव्हापासून गावोगावच्या सभांत हेच वाक्य वापरू लागले, कारण ते ऐकून माना डोलत आणि माझं ऐकून जांभया येत.

त्या दिवसापासून मात्र काकांच्या डोक्यात तलावाची एसटी पक्की झाली. कटला हा मासा पाण्याच्या वरच्या थरात राहतो. तो दारात लटकणारा कॉलेजकुमार. रोहू मधल्या सीटवरचा सभ्य नोकरदार. मृगळ तळाशी, म्हणजे मागच्या बाकड्यावर झोपलेला. चिलापी मात्र फुकटी. ही बाहेरून आलेली मासोळी, गरम पाणी तिला मानवतं, आणि तिची वीण अशी की विचारू नये.

"एक चढते," काका दात ओठ खात सांगत, "अन् पुढच्या स्टॉपवर पाहा तं सारं खानदान सीटवर बसलेलं! तिकीट नाई, पास नाई, लाज नाई!"

चिलापीवर त्यांनी तोड काढली ती मरळ माशाची. मरळ तोंड वर काढून सरळ हवा घेऊ शकते, त्यामुळे तापलेल्या पाण्याचं तिला फारसं काही वाटत नाही. वर ती चिलापीची पिल्लं मटकावते. काकांच्या लेखी ती तिकीट तपासनीस. अडाण नदीच्या एका डोहातून त्यांनी मरळीची पिल्लं हंड्यातून आणून सोडली, आणि मग रोज काठावर बसून पाहू लागले की तपासणी चालू आहे की नाही. एखादी मरळ चिलापीच्या घोळक्यावर झडप घालायची, पाणी खळबळायचं, आणि काका मांडीवर थाप मारून ओरडायचे, "घ्या! उतरवलं बापा! सहकुटुंब उतरवलं!"

वाम आणि शिंगटी हे मासे त्यांच्या लहानपणी नदीत मुबलक होते. आता दिसत नाहीत. त्यांचा विषय निघाला की काका जरा हळू बोलत. "ते पाशिंजर कवा उतरले, समजलंच नाई मॅडम. गर्दीत ध्यान नाई राह्यलं."

पण असं हळू बोलणं त्यांना फार वेळ जमत नसे.

एका एप्रिलात पारा असा चढला की काकूंनी अंगणात टाकलेले पापड पहिल्याच दिवशी खडखडीत झाले. काका दुपारी गायब. संध्याकाळी आले ते एका टेम्पोतून, गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या भल्यामोठ्या लादीवर बसून. लादी तलावात ढकलली गेली. सगळ्या गावातली पोट्टी तिच्यामागे पाण्यात. लादी तरंगत चाललीय, पोट्टी तिला चाटताहेत, एक म्हैस पोहत पोहत येऊन तिला गाल लावून उभी, आणि काका लादीवर हात ठेवून पाण्याला विचारताहेत, "काय बे, लागून राह्यलं का गार?"

मी पाण्यात तापमापी बुडवली. तलावाला काहीएक पत्ता नव्हता. काकांना मात्र सर्दी झाली, आणि आठवडाभर त्या भर उन्हाळ्यात ते शाल पांघरून शिंकत बसले. त्यांची मुलगी अश्विनी त्यांना काढा देताना म्हणाली, "चला बाबा, कोनीतरी तं गार झालं."

अश्विनीचं दारव्ह्याला ब्युटी पार्लर होतं. जीभ बापाच्या वळणाची, पण धार जास्त. माझी ती पहिल्या दिवसापासून मैत्रीण झाली. रविवारी आम्ही माडीवर बसून माझ्या भुवया आणि तिच्या बापाचे उद्योग, दोन्ही सारखे करत असू.

बर्फानंतर आलं सावलीचं खूळ. काकांच्या ध्यानात आलं की दुपारी मासे काठच्या आंब्याखाली गोळा होतात. मग तलावभर आंबे कुठून आणायचे? त्यांनी निवडणुकीत उरलेले, वाढदिवसांचे, अभिनंदनाचे सगळे जुने फ्लेक्स गावोगावहून गोळा केले, बांबूच्या चौकटींवर ताणले आणि तलावात तरंगते मांडव सोडले. काय दृश्य होतं! पाण्यावर हात जोडलेले नेते, बोट वर केलेले नेते, मोबाइल कानाला लावलेले भावी नेते, आणि 'दादांना उदंड आयुष्य लाभो'. बगळ्यांची तर सोयच झाली.

त्यांतल्याच एका चेहऱ्याचा मूळ मालक एक दिवस गाडी घेऊन थडकला. बरोबर चारपाच कार्यकर्ते.

"कंडक्टर, हे काय लावलं हाये? माह्या तोंडावर बगळे हागून राह्यले!"

काका घाईघाईने पायातल्या चपला काढून पुढे झाले. "भाऊ, बगळे सोडा. खाली पाह्यलं का तुमी? या, वाका जरासे."

भाऊ वाकले. चौकटीखाली काळोख्या पाण्यात रोहूंची ही दाटी झालेली.

"आता त्या दुसऱ्याच्या खाली पाहा," काका दुसऱ्या पक्षाच्या चेहऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले. तो मांडव फाटका होता. खाली दोन चिलाप्या. "लोकाईले काय समजते भाऊ! मासोयाईले समजते सावली कोनाची दाट हाये."

भाऊंनी बराच वेळ वाकून पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाले, कार्यकर्त्यांकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी एका टेम्पोतून कोरे करकरीत दहाबारा फ्लेक्स आले. सगळ्यांवर तेच. मासे खरंच खाली बसत, हे मला खात्याच्या अहवालात कसं लिहावं ते शेवटपर्यंत सुचलं नाही.

पण सावलीने भागणार नव्हतं. खरा प्रश्न गर्दीचा होता, आणि तो सुटायचा होता संस्थेच्या सभेत. पावसाळा तोंडावर होता. तलावात नवीन बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं, किती सोडायची ते ठरायचं होतं. काकांचं म्हणणं, यंदा निम्मी सोडा. उन्हाळ्यात पाणी आटतं, तापतं, तेवढ्यांनाच जागा पुरेल. मीही तेच सांगत होते. देवरावभाऊ म्हणून संस्थेचे एक दांडगे सभासद होते, त्यांचा ठाम विरोध. जास्त बीज, जास्त मासे, इतकं सरळ गणित कंडक्टरला का कळत नाही, असं ते चावडीवर विचारत फिरत होते.

सभा नेहमी वडाखाली होई. त्या वर्षी काकांनी ती जाळी ठेवायच्या टिनाच्या खोलीत बोलावली. दुपारची. सगळे सभासद आत आले, मांडीला मांडी लागली, आणि काकांनी आतून दार लावून कडी घातली. वर टिनपत्रा तापलेला, पंखा नाही, खिडकी जाळ्यांनी झाकलेली. थोड्याच वेळात सगळी सभा घामाने थबथबली.

"कंडक्टर, दार उघड!"

"आताच निघाली गाडी. पुढच्या स्टॉपवर उघडतो."

"अबे जीव गुदमरून राह्यला!"

"कोनाचा? तुमचा? मंग मासोयाईचा नाई गुदमरत?" काका उठले. त्यांचा सगळा जन्म जणू या एका वाक्यासाठी गेला होता. "तुमी उघड म्हनू शकता. त्याईनं कोनाले म्हनाव?"

दोघाचौघांच्या माना डोलल्या. मला वाटलं, जिंकलं! तेवढ्यात देवरावभाऊंनी धोतराच्या सोग्याने मान पुसली आणि म्हणाले, "आपन मानसं हाओ कंडक्टर. मासोया पान्यातच असतात. त्याईले कायची गर्मी?"

खोलीभर हशा पिकला. कोणीतरी कडी काढली, सगळे भडाभडा बाहेर पडले, वडाखाली काकूंनी केलेलं लिंबाचं सरबत प्यायले, गार वाऱ्याला बसले, आणि एकमताने पूर्ण बीज सोडायचा ठराव करून मोकळे झाले. काका रिकाम्या ग्लासांचा ट्रे घेऊन उभे होते. "सरबत द्यायले नोको होतं," एवढंच मला म्हणाले.

त्याच वर्षी अश्विनीचं लग्न जमलं. मुलगा उमरखेडचा, मोबाइल दुरुस्तीचं दुकान. माणसं चांगली, पण मुलाचे वडील मोठे कडक. बघायला आले तेव्हा हसले नाहीत, चहा गोड आहे की नाही ते बोलले नाहीत, आणि जाताना मानपान नीट व्हावा एवढं एकच वाक्य टाकून गेले. त्या दिवशी अश्विनीने बापाला पकडलं.

"बाबा, एक वचन द्या. माह्या लग्नात मासोयाईची एकबी गोष्ट काढाची नाई. ना पाशिंजर, ना चेकर, ना चिलापी. एक दिवस. फक्त माह्यासाठी."

काकांनी गळ्याची शपथ घेतली. त्या गळ्याची किंमत आम्हा सगळ्यांना ठाऊक होती.

लग्न पुढच्या मे महिन्यात दुपारच्या मुहूर्तावर होतं. तलावात जाळं लग्नानंतर लगेच टाकायचं ठरलं होतं, म्हणजे वर्षभर पोसलेला सगळा मासा अजून पाण्यात होता, आणि पाणी आटून निम्म्यावर आलं होतं. वऱ्हाड आदल्या दिवशीच आलं. त्यांचा जानवसा तलावाकाठच्या शाळेत. ती संध्याकाळ विचित्र होती. आभाळ भरून आलेलं, पाऊस नाही, वारा ठार बंद, अंगाची नुसती चिकचिक.

पहाट झाली. घरात बायकांची लगबग, अंगणात पाटावर हळद लावलेली अश्विनी. मी पाणी भरायला मागच्या दारी गेले आणि तलावाकडे पाहून घागर तिथेच ठेवली. सगळ्या पाण्यावर तोंडं होती. या काठापासून त्या काठापर्यंत. कटला, रोहू, अगदी तळचे मृगळसुद्धा वर येऊन हवेत तोंड मारत होते. रात्रभर वारा नाही, पाणी कोमट आणि हिरवंगार. पाण्यातल्या त्या हिरव्या शेवाळानेच रात्री सगळा प्राणवायू पिऊन टाकला होता. ऊन वर येऊन वारा सुटेपर्यंत ही गर्दी जगेल, याची शाश्वती नव्हती.

काका काठावर उभे होते.

मी धावत अंगणात आले, तर माझ्याआधी तेही पोहोचलेले. मांडवाच्या खांबाशी उभे राहून तोंड उघडायचे, मिटायचे, पुन्हा उघडायचे. काकूंनी विचारलं, "काय झालं जी?" मान हलवली. पाहुण्यांपैकी कोणी विचारलं, मान हलवली. एकदा मांडवातून चक्कर मारून आले. पुन्हा खांब.

अश्विनीने पाटावरून पाहिलं. "बाबा, काय झालं?"

"काई नाई."

"बाबा."

"काई नाई म्हटलं ना माय."

शेवटी मीच सांगितलं. "अश्विनी, तलावातला सगळा मासा वर आलाय. श्वास मिळत नाहीये त्यांना."

तिने बापाकडे पाहिलं. "अन् मंग तुमी इथीसा उभे राहून काय करून राह्यले?"

"तुले वचन देलं होतं," काका म्हणाले. डोळ्यांत पाणी तरारलं होतं. मला त्यांचा आवाज इतका लहान कधी ऐकल्याचं आठवत नाही.

अश्विनी पाटावरून उठली. "आगगं, हयद लागलेल्या पोरी मांडवाबाहेर जात नाईत!" म्हणून बायका ओरडल्या, एका आत्याने तर पदरच धरला, पण ती तो सोडवून पळत सुटली. हळदीने पिवळीजर्द, केसांना तेल, पायात काही नाही. तिच्यामागे काका, काकांच्या मागे मी, माझ्यामागे काकू हातात झारा घेऊन, आणि काय झालं ते न कळता सगळा मांडव.

आणि आता काकांना कंठ फुटला.

"सारे उतरा! पान्यात उतरा! हात मारा, पाय आपटा, पानी उडवा! थांबू नोका, गाडीचा दम निघून राह्यला!"

पाणी जितकं हवेत उडेल तितका त्यात प्राणवायू जाईल, हे मी त्यांना कधीतरी सांगितलं होतं. देवरावभाऊ सगळ्यांत आधी धोतर खोचून उतरले. रफीकभाई नावाचे मोटर वाइंडिंगवाले मिस्तरी लग्नाचे पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी काठावरच्या शेताचा पंप पाण्यात टाकला, पाइपाचं तोंड आभाळाकडे केलं, आणि मग कळलं की वीज नाही. त्यांची नजर फिरत फिरत डीजेच्या जनरेटरवर गेली.

"अहो, माही ऑर्डर बारातीची हाये!" डीजेवाला आडवा झाला.

"बारातच तं हाये भाऊ," रफीकभाई वायर जोडत शांतपणे म्हणाले. "पान्यात हाये एवढंच."

जनरेटर धडधडला, पाइपातून कारंजं उडालं. डीजे बंद पडला, पण बँडवाले मोकळेच होते. बँडमास्तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठावर आला. "कंडक्टर, कोनतं वाजवू?"

"ज्याच्यावर मानूस सगळ्यात जास्त उड्या मारते, थे!"

आणि बँड सुरू झाला. मी जन्मात बरीच लग्नं पाहिली, पण कमरेइतक्या पाण्यात नाचणारं वऱ्हाड पुन्हा पाहिलं नाही. आत्या नाचत होती. देवरावभाऊ दोन्ही हातांनी पाणी बडवत होते. काकू झाऱ्याने पाणी वर उडवत होत्या, जणू बुंदी पाडताहेत. ट्रम्पेटवाला मानेपर्यंत पाण्यात, फक्त ट्रम्पेट वर. आणि सगळ्यांच्या मध्ये काका, "पुढे सरका! एका जागी गर्दी करू नका! त्या कोपऱ्यात कोनी नाई, जा, तिकडे नाचा!" या वेळी मासे नाही, माणसं ऐकत होती.

शाळेच्या व्हरांड्यात मुलाचे वडील कपात चहा ओतून बसले होते. समोरून आपली होणारी सून पिवळीधम्मक पळत गेली, मागे अख्खं गाव गेलं, मग पाण्यातून बँड ऐकू आला. ते फेटा सावरत काठावर आले. मागे त्यांचं सगळं वऱ्हाड. चेहरा असा, की बँडमास्तरचा सूर चुकला. नाच थांबला. काका पाण्यातून बाहेर आले आणि हात जोडून उभे राहिले. बनियनमधून पाणी गळत होतं.

"व्याहीबुवा, माफी असावी. मानपान सारा…"

व्याह्यांचं लक्षच नव्हतं. ते पाण्यावरच्या तोंडांकडे पाहत होते. मग त्यांनी फेटा काढला, शेजारच्याच्या हातात दिला, आणि कडक इस्त्रीच्या कपड्यांनिशी पाण्यात चालत गेले. मागे वळून आपल्या वऱ्हाडावर खेकसले, "पाह्यता काय बे, उतरा ना! भोयाची जात तुमची, अन् काठावर उभे राहता?"

मग काय विचारता! नवरदेव शाळेच्या नळावर दात घासत होता, तो ब्रश तोंडात ठेवूनच उतरला. अश्विनीने त्याच्या तोंडावर पाणी उडवलं. बँड पुन्हा सुरू झाला, दुप्पट.

ऊन वर आलं. झाडाची पानं हलली. पंपाच्या कारंज्याखाली आधी पाणी निवलं. तिथे जमलेली तोंडं एक एक करून खाली गेली. मग मधली. हळूहळू तलाव नुसता पाण्याचा झाला. सगळे जागच्या जागी, धापा टाकत, त्या मोकळ्या पाण्याकडे बघत उभे राहिले.

सगळे वाचले नाहीत. मोठ्या कटल्यांचा दम आधी संपतो. काही काठाला लागले होते. काका त्यांतला एक मांडीवर घेऊन चिखलात बसले. व्याही ओल्या कपड्यांनी येऊन शेजारी टेकले.

"आमच्या इकडे पैनगंगेचे डोह होळीतच आटून राह्यले," ते म्हणाले. "माह्या बापानं ज्या डोहात पोहनं शिकवलं, थ्यात आता ढोरं उभी राहतात. वाचवाले काई उरलंच नाई. तुमचं उरलं होतं." थोड्या वेळाने ते म्हणाले, "चहा गोड होता बरं का. त्या दिवशी सांगाचं राहून गेलं."

मेलेले मासे काढून सगळे आवरेपर्यंत दुपारचा मुहूर्त टळला होता. लग्न लावणाऱ्या गुरुजींचं स्वतःचं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. ते म्हणाले, "गोरज मुहूर्त आहे की, तो कुठे पळून चाललाय!" अश्विनीने स्वतःचा मेकअप स्वतःच केला, आणि तिच्या मते तो दुपारच्या मुहूर्ताला झाला असता त्यापेक्षा चांगला झाला. सांजेला लग्न लागलं. पंगतीत देवरावभाऊ बुंदीचा घास हातात घेऊन उठले आणि सगळ्यांदेखत म्हणाले की यंदा निम्मंच बीज, आणि तलावाच्या मधोमध खोल खड्डा खणायला पहिली कुदळ आपली. तो शब्द त्यांनी पाळला. पुढच्या उन्हाळ्यात तलावात मासे कमी होते आणि एकेक हातभर होता. मला बदलीचा हुकूम आला तोवर शेजारच्या दोन गावांनीही काकांना सभेला बोलावून नेलं होतं. टिनाच्या खोलीत, पण सरबताशिवाय.

पण मला जास्त आठवते ती लग्नाच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ.

वऱ्हाडाची एसटी शाळेसमोर उभी होती. लग्नाच्या गाडीला कंडक्टर नसतो, नुसता ड्रायव्हर. म्हणून काका सवयीने दारात उभे राहून एकेकाला चढवत होते, सामान लावत होते, आत्याला खिडकीची जागा देत होते. मानपानाचं ताट पुढे केलं तेव्हा व्याह्यांनी ते हाताने बाजूला सारलं. "कपडे नको. थे हवा खाऊन जगनारी मरळ हाये ना तुमची, तिची पिल्लं द्या. आमच्या एका डोहात अजून पानी हाये." काकांनी स्वतः पाण्यात उतरून पिल्लं धरून दिली होती. तो हंडा अश्विनीच्या सीटजवळ ठेवला, तोंडाला ओलं फडकं बांधून. अश्विनी आईच्या गळ्यात पडून रडली, माझ्याही. बापाजवळ आली तेव्हा ते कुणाची तरी ट्रंक नीट लावण्यात फार गुंतले होते.

सगळे चढले. ड्रायव्हरने मान वळवून विचारलं, "सोडू का?"

काकांनी घंटीची दोरी धरली. साऱ्या जन्मात किती वेळा ओढली असेल ती. हात वर गेला आणि तिथेच राहिला. ड्रायव्हर थांबला. वऱ्हाड थांबलं. काकू पदर तोंडाशी धरून खाली उभ्या. दोरी काही हलेना.

मग अश्विनी सीटवरून उठली. बापाची मूठ सोडवली, दोरी आपल्या हातात घेतली आणि दोनदा ओढली.

टण् टण्.

काका खाली उतरले, म्हणजे उतरवले गेले. गाडी हलली. धूळ उडाली. काका एकाएकी लुंगी सावरत गाडीमागे धावत सुटले. सगळं गाव ऐकेल, अडाण नदीच्या पार पोहोचेल असा तो आवाज.

"सावकास चालव रे बापा! पानी हिंदकयते!"